आमचे बाबा, आपले बाबा

तुमच्या पटकथेची गोष्ट मला समजली ती अशी. वडील जातात. चौतीस वर्षांची मुलगी त्यांचं कपाट आवरायला घेते आणि एका जुन्या पाकिटातून तिला कळतं, की वडिलांना आणखी एक मुलगा आहे, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. आई पूर्वीच वारलेली. मुलगी त्याचा माग काढते आणि ऐन मध्यंतराला तो दार उघडतो. पुढे संशय, पैशांवरून भांडण, दुरावा, त्याचं आजारपण, इस्पितळात मिठी, समाप्त. ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतात, पूर्वार्ध खिळवतो आणि उत्तरार्ध बसतो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: उत्तरार्धात आणखी एक वळण घालू का, आणि पाकिटाऐवजी डीएनए चाचणी वापरली तर गोष्ट आजची वाटेल का.

वळण घालू नका. चाचणीबद्दल पुढे बोलते.

मी बावीस वर्षं पटकथा लिहितेय, त्यातला बराच काळ दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात गेला. अचानक सापडलेल्या भावंडाच्या सात-आठ संहिता तरी हाताखालून गेल्या असतील, आणि जवळजवळ प्रत्येकीचं दुखणं तुमच्यासारखंच होतं. पूर्वार्ध एका कोड्यावर चालतो: असा कुणी भाऊ आहे का, आणि असला तर कुठे? दार उघडलं की कोडं सुटतं. प्रेक्षकाला आता पुढचं काही जाणून घ्यायचं नसतं, म्हणून लेखक घाबरून आजारपण आणतो. तुमच्या त्या आजारपणाला मागे-पुढे काही आधार नाही, हे तुम्हालाही वाचताना जाणवलं असेल.

दार उघडताक्षणी सुरू होईल असा प्रश्न हवा. माझ्या मते ह्या प्रकारच्या गोष्टीत असा प्रश्न एकच असतो: आपला बाप नेमका कोण होता? मुलीनं त्याला चौतीस वर्षं पाहिलं. मुलानंही पाहिलं असेल, वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत. माणूस एक, पण दोघांना मिळालेले बाप दोन. आणि ते दोन बाप असमान हवेत. तुमच्या संहितेत वडील घरी अबोल, वक्तशीर, थोडे तुसडे आहेत. छान. मग दुसऱ्या घरी ते कसे होते? महिन्यातून दोनदा येणारा बाप नेहमी चांगल्या लहरीत येतो. त्याला दमून भागून बिलं भरायची नसतात, अभ्यासावरून ओरडायचं नसतं. तो गोष्टी सांगतो, गाणी म्हणतो. मुलीला रोजचा बाप मिळाला, पण त्याचं लक्ष मिळालं नाही. मुलाला लक्ष मिळालं, रोज मिळाला नाही. दोघंही एकमेकांचा हेवा करतात आणि दोघंही बरोबर असतात. उत्तरार्धातले तुमचे बारा-तेरा प्रसंग ह्या देवाणघेवाणीवर उभे राहतील. एक म्हणतो, “बाबा गायचे.” दुसरी म्हणते, “बाबा कधीच गायले नाहीत.” मला तर हे भांडण तुमच्या पैशांच्या भांडणापेक्षा कितीतरी भयंकर वाटतं.

आता वय. भाऊ सहा वर्षांनी मोठा ठेवलात, ही मला संहितेतली सगळ्यात महागात पडलेली निवड वाटते. मोठा म्हणजे लग्नाआधीचा. लग्नाआधीचं प्रकरण मुलीच्या आयुष्याला हात लावत नाही. ते तिच्या जन्माआधी संपलेलं आहे, ती दुखावली तरी काही काळानं माफ करू शकते. त्याला धाकटा करा. आठ-नऊ वर्षांनी धाकटा. मग तो जन्मला तेव्हा ती शाळेत जाणारी मुलगी होती आणि तिला ते वर्ष आठवतं. बाबा कामासाठी म्हणून बाहेरगावी गेले होते ते पावसाळ्याचे दिवस, आई महिनाभर गप्प गप्प होती ते दिवस, वाढदिवसाला बाबा आले नाहीत ते. भावाची जन्मतारीख कळली की तिचं स्वतःचं बालपण तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा लिहिलं जातं. नवं माणूस घरात येतं ते बिऱ्हाड मागण्यासाठी नव्हे, ते येऊन जुने सगळे फोटो वेगळे दिसायला लावतं. प्रेक्षक ह्याला घाबरतो, कारण फोटो सगळ्यांच्याच घरी असतात.

आणि आईला जिवंत करा. तुम्ही तिला गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मारलंत, बहुधा सोयीसाठी. ह्या गोष्टीत गुपित जितकं महत्त्वाचं, त्याहून ते कुणी आणि का सांभाळलं हे महत्त्वाचं. प्रसंग लिहायला बसण्याआधी मी एक कागद आखते: डावीकडे पात्रांची नावं, पुढे ‘केव्हापासून माहीत’, त्यापुढे ‘आपल्याला माहीत आहे हे आणखी कुणाला माहीत’. हा तिसरा रकाना भरता भरताच अर्धी पटकथा सापडते.

महाभारत घ्या. कर्णाचा जन्म कुंतीला पहिल्यापासून ठाऊक. कृष्णाला ठाऊक, भीष्मालाही. कर्णाला युद्धाच्या तोंडावर कळतं, उद्योगपर्वात. आधी कृष्ण सांगतो, मग स्वतः कुंती. पांडवांना मात्र सगळं संपल्यावर, मेलेल्यांना जलांजली द्यायच्या वेळी. म्हणजे भावंड ‘सापडतं’ ते त्याच्या मरणानंतर, आणि मारलेलं असतं आपणच. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असल्यामुळे अर्जुनाचा प्रत्येक बाण दोनदा लागतो. गुपित शेवटपर्यंत दडवून धक्का दिला असता तर धक्का एकच मिळाला असता. आणखी एक बघण्यासारखं: कळल्यावर युधिष्ठिराचा राग कुणावर निघतो? आईवर. बायकांच्या पोटात ह्यापुढे गुपित राहणार नाही असा शाप तो देऊन बसतो. शाप पोरकट आहे, पण रागाची दिशा अचूक आहे. तुमची नायिका मात्र चाळीस पानं ज्याच्यावर चिडते त्या भावाचा काही गुन्हाच नाही. तो जन्मला, एवढंच. म्हणून ते भांडण लटकं वाटतं. तिला आईवर चिडू द्या. “तुला माहीत होतं?” हा प्रश्न ती आईला कुठल्या पानावर विचारते, ते ठरलं की बाकीची पानं आपोआप लागतील. आणि आईचं उत्तर ‘तुझ्या भल्यासाठी’ असं नको. आईला माहीत होतं आणि तिनं त्याची किंमत वसूल केली, असं काहीतरी असू द्या. घराचं सगळं तिच्या मनाप्रमाणे चालायचं ते का, हे मुलीला तेव्हा कळेल.

‘रेन मॅन’ तुम्ही पाहिला असेल. १९८८ चा, बॅरी लेव्हिन्सन दिग्दर्शक. लोकांना त्यातला स्वमग्न भावाच्या भूमिकेतला डस्टिन हॉफमन आठवतो, पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या बांधणीत आहे. वडिलांच्या मृत्युपत्रामुळे नायकाला, चार्लीला, कळतं की आपल्याला मोठा भाऊ आहे आणि तीस लाख डॉलर त्याच्या देखभालीसाठी गेलेत. हा शोध सिनेमाच्या सुरुवातीलाच लागतो. चार्लीला लहानपणीचा एक काल्पनिक सवंगडी आठवत असतो, गाणी म्हणणारा ‘रेन मॅन’. पुढे एका हॉटेलच्या खोलीत त्याला उमगतं, की तो काल्पनिक नव्हताच, तो हाच भाऊ. त्याला घरातून का हलवलं तेही तिथेच कळतं: गरम पाण्यानं लहानग्या चार्लीला इजा होईल ह्या भीतीनं. भाऊ आहे, हे पहिल्यांदा कळलं. तो माझा कोण होता, हे दुसऱ्यांदा. तुमच्याकडे पहिला शोध आहे, दुसरा नाही, आणि उत्तरार्धात वळणाची भूक लागते ती त्यामुळे. वळण बाहेरून आलेली घटना असते. दुसरा शोध आधीपासून पडद्यावर पडलेल्या गोष्टीचा अर्थ बदलतो. त्यासाठी पूर्वार्धात काहीतरी पेरून ठेवावं लागतं, आणि ते पेरताना त्याकडे बोट दाखवायचं नसतं.

तर चाचणी. कुणीतरी कुणाला कसं ओळखावं, ह्यावर ॲरिस्टॉटलनं ‘पोएटिक्स’मध्ये प्रतवारीच लावली आहे. अंगावरचा व्रण, गळ्यातला दागिना अशा खुणांनी पटवलेली ओळख त्याच्या मते कलेच्या दृष्टीनं सगळ्यात कच्ची. सगळ्यात वरची, घटनांच्या ओघातून आपसूक घडणारी. त्यासाठी त्यानं दिलेल्या उदाहरणांपैकी एक भाऊ-बहिणीचंच आहे. ग्रीक नाटककार युरिपिडिसच्या नाटकात इफिजेनिया परक्या देशात पुजारीण आहे आणि नकळत स्वतःच्या भावाला बळी द्यायच्या तयारीत आहे. तिला घरी पत्र पाठवायचंय. वाटेत पत्र हरवलं तर निदान निरोप पोचावा म्हणून ती त्यातला मजकूर मोठ्यानं सांगते, आणि ज्याच्यासाठी तो निरोप आहे तो भाऊ समोरच उभा असतो. तिला पत्र पाठवावंसं वाटणं अगदी साहजिक, त्यातून ओळख पटते. लेखकाचा हात कुठे दिसत नाही.

ह्या कसोटीवर डीएनएचा अहवाल म्हणजे आजच्या काळातला व्रण. स्वस्त, खात्रीचा आणि नाट्याच्या दृष्टीनं मेलेला. अपवाद एकच, आणि तो वापरलात तर माझी हरकत नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के डीएनए समान असतो, एकच पालक समान असेल तर सरासरी २५ टक्के. पण साधारण तेवढाच वाटा आजोबा आणि नातीत असतो, काका आणि पुतणीतही. म्हणजे नुसता टक्क्याचा आकडा ‘हा तुझा भाऊ’ असं ठणकावून सांगत नाही. ‘जवळचं नातं’ इथवर आणून सोडतो. पुढचा हिशेब वयांवरून, तारखांवरून, कोण कुठे होतं त्यावरून माणसालाच करावा लागतो. रात्री एकटी बसून ती तो हिशेब करते आणि प्रत्येक वेळी बाबांशीच येऊन थांबते, हा प्रसंग होऊ शकतो. संगणकावर अहवाल उघडला, डोळे विस्फारले, संगीत, हा होऊ शकत नाही. (जाता जाता: मुलीला बापाकडून एक्स गुणसूत्र मिळतं, मुलाला वाय. म्हणजे ह्या एका जोडीत दोघांना बापाचा वेगळाच तुकडा आलेला असतो. मला हे फार आवडतं. संवादात घातलंत तर मात्र मी ते पान परत पाठवीन.)

चाचणीपेक्षा चांगला उपाय तुमच्याच संहितेत दडलाय. पान सोळावर वडील वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची उभी घडी घालून ती उशाखाली ठेवतात. हे तुम्ही स्वभाव दाखवायला लिहिलंत आणि विसरलात. पहिल्या भेटीत भाऊ बोलता बोलता तशीच घडी घालू दे. दिसण्यातलं साम्य, कानाची पाळी, कपाळावरचे केस, हे रक्तातून येतं, त्यासाठी बाप घरी यावा लागत नाही. घडी घालायची सवय पाहून पाहून लागते. ती घडी बघताना तिला कळतं, की बाबा इथे सकाळी असायचे. एक-दोनदा नाही, पुष्कळ सकाळी. तो बाबांचा मुलगा आहे हे तिला आधीच माहीत होतं. बाबा ह्या घरात राहत होते हे आत्ता कळलं. दुसरा शोध हवा होता ना, तो हा. नट निवडताना चेहरेपट्टी जुळवण्याचा खटाटोपही मग करावा लागणार नाही.

पहिली भेट कशी लिहावी, तर कमी लिहावी. ब्रिटिश दिग्दर्शक माइक लीच्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’मध्ये (१९९६, कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं) दत्तक गेलेली मुलगी जन्मदात्रीला पहिल्यांदा भेटते. दोघी एका चहाच्या दुकानात टेबलाच्या एकाच बाजूला बसलेल्या, कॅमेरा समोर, आणि जवळजवळ आठ मिनिटं कट नाही. समोरासमोर बसवल्या असत्या तर हिचा चेहरा, तिचा चेहरा अशी कापाकापी करावी लागली असती. शेजारी बसवल्यामुळे दोघींनाही एकमेकींकडे नीट बघता येत नाही आणि आपल्याला दोघी दिसतात. तुमच्या मध्यंतराच्या प्रसंगात दार उघडल्यावर अडीच पानं संवाद आहे. दोन अनोळखी माणसं इतकं नेटकं बोलत नाहीत. ती पाणी मागतील, चपला कुठे काढू विचारतील, पंख्याबद्दल बोलतील. गोष्ट त्या पंख्याच्या वाक्याखाली चालू असते. त्या सिनेमातला खरा स्फोटही ह्या भेटीत होत नाही. तो राखून ठेवलाय घरी वाढलेल्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी, जेव्हा सगळं कुटुंब एका जागी आहे आणि कुणालाच उठून जाता येत नाही.

इथे मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक हत्यार आहे, आणि तुम्ही ते म्यानातून काढलेलंच नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आमचे बाबा’ म्हणताना समोरचा बाहेर असतो, ‘आपले बाबा’ म्हणताना तो आत येतो. तुमच्या दोघांना दार उघडल्यापासून फार काळ ‘माझे बाबा’, ‘आमचे बाबा’ म्हणू द्या, तेही एकमेकांच्या तोंडावर, टोचेल असं. मग अगदी किरकोळ कामात, म्हणजे कुठल्याशा अर्जावर नाव लिहिताना किंवा चष्म्याचं घर शोधताना, कुणाच्या तरी तोंडून ‘आपल्या बाबांचा’ निघून जाऊ दे. बोलणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, ऐकणाऱ्याच्या यावं. त्यावर थांबू नका, संगीत नको, क्लोजअपही नको. वाचनाच्या वेळी एका नटानं असाच शब्द चुकून आधीच्या पानावर वापरला होता, तेव्हा खोलीतले सगळे एकदम वर बघायला लागले. तेव्हापासून मी अशा संहितेत ह्या दोन शब्दांना पेन्सिलीनं खुणा करून मगच वाचते.

तसंच ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं ते. थोरली म्हणून ती लगेच अरे-तुरे करेल की मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणून त्याला लांब ठेवेल? माझा कौल दुसऱ्याला. आणि ‘सावत्र’ हा शब्द. बाप एक आणि आया दोन असलेलं भावंड, आणि आईच्या दुसऱ्या नवऱ्याचं आधीचं मूल म्हणून आलेलं, रक्ताचा संबंध नसलेलं भावंड, दोघांनाही आपण सावत्रच म्हणतो. त्या शब्दात रक्ताचा हिशेब नाही, नुसता दुजाभाव आहे. म्हणून तो कोण पहिल्यांदा उच्चारतं ह्याला वजन आहे. तुमच्याकडे तो पान एकवीसवर शेजारीण सहज बोलून जाते आणि वाया जातो. आईसाठी राखून ठेवा.

भावाबद्दल. तुमचा भाऊ फार चांगला आहे. समजूतदार, कष्टाळू, काहीही न मागणारा. लेखकाला त्याची दया येते म्हणून तो असा होतो, आणि मग त्याच्याशी कुणाचं पटलं तर त्यात विशेष काय? त्याला काहीतरी हवं असू द्या. पैसा नको, ते फार वापरून झालंय आणि वारसाहक्काचा कायदा जागोजागी वेगळा असल्यामुळे तुम्ही नाहक खुलाशांत अडकाल. त्याला वडिलांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल ऐकायचं असू शकतं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं ना. तो त्या आठवड्यात एकदाही इस्पितळाच्या दारात येऊ शकला नाही, आणि ती तिथे रोज होती, मोबाइल बघत, कंटाळत. तिनं तो आठवडा त्याला कसा सांगायचा? खरा की बरा?

काही जण भावालाच सगळं माहीत असतं आणि तो ओळख लपवून तिच्या आयुष्यात येतो अशी मांडणी सुचवतील. ‘पीपल लाइक अस’ (२०१२) मध्ये साधारण असंच आहे: वडील दीड लाख डॉलर आणि एक चिठ्ठी ठेवून जातात, पैसे सावत्र बहिणीच्या मुलापर्यंत पोचवायचे असतात, आणि नायक आपण कोण हे न सांगता तिच्याशी मैत्री करून बसतो. ह्यात ताण आयता मिळतो, पण त्याचं व्याज फार. सांगायची संधी असूनही तो गप्प बसतो त्या प्रत्येक प्रसंगाला नवं कारण लागतं, दुसऱ्यांदा तेच कारण आलं की प्रेक्षक त्याच्यावर वैतागतो. शिवाय एक अनोळखी पुरुष एका बाईशी इतका चांगला वागतोय म्हटल्यावर तिला त्याचा जो अर्थ लागेल, तो तुम्हाला झेपणार नाही. त्या वाटेला जाऊ नका. त्या सिनेमाचा शेवट मात्र बघा. वडिलांनी चित्रित केलेल्या एका जुन्या रिळात ही दोन मुलं लहानपणी एकत्र खेळताना दिसतात. दोघांच्या आठवणीतल्या बापांखेरीज तिसराच एक बाप तिथे भेटतो, दोघांना एकाच चौकटीत बघू पाहणारा.

फ्लॅशबॅक काढून टाका. सगळे. वडील पडद्यावर एकदा दिसले की दोन बापांमधला वाद मिटतो, कॅमेरा साक्षीदार होऊन निकाल देतो. पान सोळाची घडीसुद्धा वडील गेल्यानंतर, उशाखाली सापडलेली दाखवता येईल.

राहिली मिठी. जपानी दिग्दर्शक कोरे-एदाच्या ‘अवर लिटिल सिस्टर’मध्ये (२०१५) तीन बहिणी वडिलांच्या अंत्यविधीला जातात आणि तिथे त्यांना धाकटी सावत्र बहीण पहिल्यांदा भेटते. परत निघताना, गाडी सुटायच्या बेतात असताना, थोरली तिला म्हणते, आमच्याकडे राहायला ये. हे सगळं सुरुवातीलाच उरकून घेतलंय. स्वीकार झाला, आता राहून दाखवा, असा पुढचा सिनेमा आहे. आणि तिथे अडचण प्रेमाची नाहीच. त्या मुलीच्या आईमुळे ह्या तिघींचं घर मोडलेलं, त्यामुळे वडिलांच्या आठवणी ती ह्यांच्यासमोर काढायला कचरते. आपल्या वाट्याला आलेला बाप ह्यांच्या वाट्याचा होता, हे तिला ठाऊक असतं. मिठीनं हे मिटणारं नाही, आणि तो सिनेमा मिटवायला जातही नाही.

तुमच्या नव्या ड्राफ्टसाठी मिठीचं पान बाजूला ठेवा आणि त्या जागी काय येईल ह्याचा विचार आत्ता करू नका. आधी आईचे तीन प्रसंग लिहा: मुलगी कपाट आवरतेय आणि आई दारात येऊन ‘एवढं आजच कशाला’ म्हणते तो, ‘तुला माहीत होतं?’ हा; आणि भाऊ पहिल्यांदा घरी येतो तेव्हा आई त्याला कुठल्या खुर्चीवर बसवते तो. तिसऱ्यात संवाद चार ओळींपेक्षा जास्त झाले तर मला न पाठवता पुन्हा लिहा.